औषध जिल्ह्याला, रुग्ण गावाला

या सदरात आपण एरवी एखादा आजार घेतो, त्याची लक्षणे पाहतो, पथ्यपाणी सांगतो आणि पुढच्या आठवड्यापर्यंत निरोप घेतो. आज थोडे पैशाविषयी बोलायचे आहे. सरकारी तिजोरीतल्या पैशाविषयी. निमित्त एका पत्राचे.

पत्र आपल्याच जिल्ह्याच्या डोंगराकडील एका गावातून आले आहे. लिहिणाऱ्या बाई सत्तरीला टेकल्या आहेत. हस्ताक्षर नातीचे आहे, शब्द त्यांचे. त्यांच्या मुलाला एकोणीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. (मराठीत याला छिन्नमनस्कता म्हणतात, पण आता मूळ नावच अधिक रुळले आहे.) गोळ्या नीट चालू असल्या की मुलगा शेताला पाणी देतो, गुरांचे वैरणपाणी बघतो, संध्याकाळी पारावर चार माणसांत बसतो. गोळ्यांत महिना-दोन महिन्यांचा खंड पडला की झोप उडते, आपल्या जेवणात कोणी तरी काही कालवते असा संशय सुरू होतो आणि एखाद्या पहाटे तो घर सोडून चालू लागतो. गोळ्या मिळतात जिल्ह्याच्या गावी. दोन एसट्या बदलाव्या लागतात, जाण्यायेण्यात दिवस मोडतो, आणि गेल्या वर्षात दोनदा औषधाच्या खिडकीवर उत्तर मिळाले, ‘माल संपलाय, बाहेरून घ्या.’ डॉक्टरांबद्दल बाईंची तक्रार नाही. ते चांगले बोलतात असे त्यांनी मुद्दाम लिहिले आहे. पत्राच्या शेवटी एवढेच विचारले आहे : ‘मी हिंडती-फिरती आहे तोवर आणीन. माझ्यामागे याच्या गोळ्या आणायला जिल्ह्याला कोण जाणार?’

या प्रश्नाला कोणत्याही मनोविकारतज्ज्ञाकडे उत्तर नाही. आजाराचे निदान झालेले आहे, औषध लागू पडलेले आहे, घरच्यांनी एकोणीस वर्षे नेटाने सांभाळलेले आहे. अडले आहे ते औषध ठेवण्याच्या जागेपाशी. जागा कोणती असावी हे पैसा कुठे टाकला जातो त्यावर ठरते, म्हणून आज हा विषय.

आधी थोडा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण दर तीनशे माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया असतो. आपल्याकडे सपाट प्रदेशात तीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा निकष आहे. डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजारांना एक. म्हणजे तीस हजारांच्या केंद्राच्या हद्दीत या आजाराची शंभराच्या आसपास माणसे असणार. आशाताईकडे साधारण हजार वस्ती असते. तिच्या वाट्याला तीन, फार तर चार. उन्माद आणि खिन्नता आलटून-पालटून येणारा बायपोलर आजार यात धरला तर आकडा दुप्पट किंवा त्याहून थोडा अधिक होईल. तरीही ही माणसे एका वहीत मावतात. मोठमोठे आकडे ऐकून आपण हबकून जातो आणि ‘एवढ्या लोकांना सरकार कुठे पुरे पडणार’ असे म्हणून मोकळे होतो. केंद्राच्या पातळीवर उतरून पाहिले तर प्रश्न शंभर-दोनशे नावांचा आहे, आणि त्यांतली बरीच नावे त्या भागातल्या आशाताईला आणि नर्सबाईंना आजही तोंडपाठ असतात. त्यांची नोंद कुठे करायची, आणि केली तर पुढे काय, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

शिवाय हा आजार वर्षाचे बाराही महिने पेटलेला नसतो. सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा क्वचित आणि थोडे दिवस असतो. उरलेला सगळा काळ मधुमेहासारखा किंवा रक्तदाबासारखा जातो : रोजची गोळी, वेळेवर झोप, हाताला काही काम, आणि बिघाडाची पहिली चाहूल ओळखणारे कोणी तरी जवळ असणे. रक्तदाबाची गोळी आपण प्राथमिक आरोग्य केंद्रातून देतो. त्यासाठी कोणी जिल्ह्याला हृदयरोगतज्ज्ञाकडे महिन्याच्या महिन्याला जात नाही. मग मनाच्या आजाराची तीच गोळी, डॉक्टरांनी एकदा ठरवून दिलेली, वर्षानुवर्षे न बदललेली, तिच्यासाठी सत्तर वर्षांच्या बाईने दोन एसट्या का बदलायच्या?

भिंतींतला पैसा

याचे उत्तर थोडे इतिहासात आहे. मनोविकारांवरचा सरकारी पैसा आपल्याकडे प्रथमपासून भिंतींत गेला. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत; त्यांच्या मंजूर खाटा मिळून साडेपाच हजारांच्या वर होत्या आणि एकट्या येरवड्याच्या अडीच हजारांवर. ही रुग्णालये नकोत असे माझे म्हणणे नाही. ज्यांना कोणी नाही किंवा ज्यांचा आजार काही केल्या आवरत नाही, त्यांना आसरा हवाच. पण आजारी माणसांपैकी फार थोडी त्या फाटकातून आत जातात. बाकीची घरी असतात, आणि घरी असलेल्या रुग्णावर खर्च करायची सवय सरकारला कधी लागली नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. त्याचा गाभाच हा होता की मनोविकारांचे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचे. ते जमते का हे पाहण्यासाठी बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने १९८५ पासून कर्नाटकातील बळ्ळारी जिल्हा घेतला. केंद्रांतल्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना थोडक्यात शिकवले, मोजकीच औषधे केंद्रात ठेवली, सोपी नोंदवही दिली आणि जिल्ह्याच्या तज्ज्ञाने अधूनमधून येऊन तपासायचे असे ठरवले. ते चालले. त्यावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, आधी देशातल्या चार जिल्ह्यांत. आज तो सातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. कागदावर पाहिले तर देश व्यापला गेला.

पण बळ्ळारीत औषध खाली गेले होते. कार्यक्रम देशभर पसरला तेव्हा बहुतेक ठिकाणी तो जिल्हा रुग्णालयाच्या एका खोलीत येऊन थांबला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका असे छोटे पथक जिल्ह्याला असते. ते ठरलेल्या वारी तालुक्याला फेरी मारते, शाळांत व्याख्याने देते, शिबिरे घेते. पथकातली बरीच मंडळी कंत्राटी. कंत्राट अकरा महिन्यांचे, नूतनीकरण होईल की नाही याची धाकधूक बाराही महिन्यांची. ज्या आजारात एकच ओळखीचा चेहरा दहा वर्षे समोर राहणे हा अर्धा उपचार आहे, त्या आजारासाठी आपण अकरा महिन्यांचा माणूस नेमतो!

पैसा किती? बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात या कार्यक्रमासाठी जिल्ह्यामागे वर्षाला कमाल ८३ लाख २० हजार रुपये अशी मर्यादा ठरली. रक्कम मोठी वाटते. वीस लाख वस्तीच्या जिल्ह्यात ती वाटून पाहा, माणशी वर्षाला चार रुपये पडतात. त्यातून पगार, प्रशिक्षण, गाडी, फलक आणि औषधे. केंद्राच्या २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात थेट मानसिक आरोग्याच्या नावावर हजार कोटींच्या आसपास रक्कम होती. त्यातला फार मोठा भाग निम्हान्ससाठी होता, आणि टेली मानस या दूरध्वनी सेवेसाठी ९० कोटी. जिल्हा कार्यक्रमाचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पोटात, इतर असंसर्गजन्य आजारांच्या बरोबर येतो. तो केंद्र आणि राज्य मिळून देतात. पोटात असलेली रक्कम बाहेरून दिसत नाही, आणि न दिसणारी रक्कम मागे पडली तर कोणी आवाज करत नाही. निम्हान्सला पैसा मिळू नये असे कोण म्हणेल? तिथे शिकलेले लोकच उद्या खेड्यापाड्यांत शिकवणार. पण विहिरीला मोटर बसवली आणि पाटच काढला नाही तर शेत कोरडेच राहणार.

दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि ती उपयोगी आहे. तिच्याविषयी शेवटी सांगतो. मात्र फोनवरून धीर देता येतो, सल्ला देता येतो, गोळी देता येत नाही.

विमा योजनांचेही असेच. आयुष्मान भारत असो वा आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना, त्यांचा सगळा भर रुग्णाला दाखल करण्यावर आहे. मुलगा बिघडला, त्याला दाखल करावे लागले, तर बिल निघू शकते. तो बिघडू नये म्हणून घरी लागणाऱ्या महिन्याच्या गोळ्यांसाठी तिथे खाते नाही. माणूस कोसळल्यावरच त्याच्यावर खर्च करायचा, ही रीत मनोविकारांत फार महागात पडते. प्रत्येक वेळी आजार उलटला की रुग्ण आधी होता तिथपर्यंत पुन्हा येईलच याची खात्री नसते. कुणाचे काम सुटते ते कायमचे, कुणाचे लग्न मोडते, कुणी घरातून निघून जातो तो सापडतच नाही.

२०१५-१६ मध्ये निम्हान्सने देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. (त्यात महाराष्ट्र नव्हता, हे नमूद करायला हवे.) त्यात आढळले, की गंभीर मनोविकार असलेल्या दर चौघांपैकी जवळजवळ तिघे उपचाराबाहेर आहेत. आणि जे उपचार घेतात त्यांच्या घरचे महिन्याला हजार ते दीड हजार रुपये घालवतात, मुख्यतः उपचार आणि प्रवासावर. खर्चातला प्रवास हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. रिस्पेरिडोनसारखी नेहमीची गोळी आता स्वस्त आहे. तिचा दिवसाचा डोस चहाच्या कपापेक्षा कमी पैशांत येतो. महाग आहे ती तिच्यापर्यंत जाणारी वाट. भाडे, सोबत्याचे भाडे, दोघांची बुडालेली मजुरी. सरकार गोळी फुकट देते आणि वाट रुग्णाच्या माथी मारते.

माल का संपतो

खिडकीवरच्या त्या ‘माल संपलाय’विषयी थोडे खोलात जाऊ, कारण खरी गोम तिथे आहे. सरकारी औषधखरेदी मागणीवर चालते. मागणी गेल्या वर्षीच्या खपावरून ठरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन कधी ठेवलेलेच नसेल तर खप शून्य. खप शून्य म्हणून मागणी शून्य. मागणी नाही म्हणून साठा येत नाही, साठा नाही म्हणून रुग्ण येत नाही, आणि रुग्ण येत नाही म्हणून ‘आमच्या भागात असे पेशंट नाहीत’ असा अहवाल जातो. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. चक्र आपले आपण फिरत राहते, आणि सगळे रुग्ण जिल्ह्याला लोटले गेल्याने तिथला साठाही अंदाजापेक्षा लवकर उडतो.

हे चक्र कसे तोडायचे ते आपल्या आरोग्यखात्याला ठाऊक आहे. क्षयरोगाच्या सुधारित कार्यक्रमात, १९९७ नंतरची बरीच वर्षे, उपचार सुरू करतानाच रुग्णाच्या नावाने औषधाची पेटी वेगळी काढून ठेवत असत. पूर्ण कोर्स त्या पेटीत. मधेच साठा संपला म्हणून उपचार थांबला असे होऊ नये, हा हेतू. आता पेट्यांची पद्धत बदलली, पण तत्त्व पक्के होते : आधी रुग्णाचे नाव, मग त्या नावाने औषध, मग त्या औषधासाठी पैसा. खपाचा आकडा पाहायची गरजच पडत नाही. स्किझोफ्रेनियाचा कोर्स सहा महिन्यांत संपत नाही, एवढाच फरक. म्हणून इथे नावामागची तरतूद वर्षाच्या वर्षाला ३१ मार्चला मावळणारी नको. निदान तीन वर्षांची, पुढे चालू राहणारी हवी. नव्या आर्थिक वर्षाचा निधी येईपर्यंत एप्रिल-मे कोरडे जातात, हे सरकारी औषधाच्या खिडकीपुढे रांग लावणाऱ्या कोणालाही विचारा.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या १८ व्या कलमात प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेचा हक्क दिला आहे. ही सेवा प्राथमिक पातळीसह सर्व पातळ्यांवर सामान्य आरोग्यसेवेत मिसळावी आणि त्यासाठी कोणाला लांबचा प्रवास पडू नये, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा, अशीही तरतूद आहे. असा खर्च मागून मिळवलेले कुटुंब मला तरी अजून भेटलेले नाही.

याच कलमात एक पायरी राहून गेली आहे. आवश्यक औषधांच्या यादीतली औषधे मनोरुग्णांना सदासर्वकाळ मोफत मिळावीत असे कायदा म्हणतो, पण कुठून? सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने ग्रामीण रुग्णालयापासून वर. प्राथमिक आरोग्य केंद्र तेवढे खाली राहिले. सेवा प्राथमिक पातळीवर आणि फुकट औषध तिच्या एक पायरी वर! कायदा दुरुस्त व्हायची वाट पाहायचे कारण नाही. राज्य सरकारला ही औषधे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या यादीत घालायला कोणी अडवलेले नाही. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, फ्लुफेनाझिन, लिथियम ही सगळी राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेतच. यांपैकी फ्लुफेनाझिनचे इंजेक्शन तर दोन ते चार आठवड्यांतून एकदा दिले की पुरते. रोज गोळी घ्यायला कंटाळणाऱ्या किंवा लपवणाऱ्या रुग्णासाठी ते वरदान आहे, आणि द्यायला लागते काय, तर एक परिचारिका आणि एक सुई.

आणखी एक कलम लक्षात ठेवण्याजोगे आहे. सरकारी केंद्रांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मनोविकारांच्या प्राथमिक व तातडीच्या उपचारांचे शिक्षण द्यायचे, आणि कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत नेण्याचा प्रयत्न करायचा, असे सरकारने स्वतःवर बंधन घालून घेतले आहे. ती दहा वर्षे मे २०२८ मध्ये भरतात.

मनाबरोबर शरीरही

आता ज्या गोष्टीकडे घरच्यांचेही लक्ष जात नाही, तिच्याकडे वळतो. दीर्घ आणि गंभीर मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याला वाटते, आत्महत्या किंवा अपघात. त्यांचा वाटा आहेच. पण बरीच माणसे हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे आजार, क्षय अशा साध्यासुध्या, टाळता येण्याजोग्या दुखण्यांनी जातात. बिडी-सिगारेट अधिक, हालचाल कमी, खाण्याचे ताळतंत्र नाही. त्यात काही औषधांनी, विशेषतः ओलान्झपिनसारख्या, भूक आणि वजन वाढते, रक्तातली साखर चढते. आणि सर्वांत वाईट म्हणजे या माणसाने ‘छातीत दुखतंय’ म्हटले तर कोणी मनावर घेत नाही. ‘त्याचं काय, तो काही तरी बडबडतो.’ घरचे असे म्हणतात हे समजू शकतो; दवाखान्यातही असेच होते, हे आम्हा डॉक्टरांना भूषणावह नाही. दोन महिने खोकणारा मनोरुग्ण थुंकी तपासायला पाठवला जात नाही, आणि तोवर घरातल्या लहान मुलांनाही लागण होऊन बसते.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राचा आग्रह केवळ गोळ्यांच्या सोयीसाठी नाही. वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र, साखर मोजायची पट्टी, थुंकीची तपासणी हे सगळे तिथे आहे. जिल्ह्याच्या मनोविकार विभागात तीनशे जणांच्या रांगेत पोट कोण मोजणार? तिशीनंतरच्या प्रत्येकाची रक्तदाब-मधुमेह तपासणी करायचा सरकारी कार्यक्रम आहे. त्या यादीत या शंभर माणसांची नावे सर्वांत वर असायला हवीत. वर्षातून एकदा वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर. लिथियम घेणाऱ्याच्या रक्तातले त्याचे प्रमाण, थायरॉईड आणि मूत्रपिंडाची तपासणी. खर्च किरकोळ आहे. पण तो कोणाच्या तरी नावावर टाकलेला असावा लागतो, नाही तर ‘हा आमचा पेशंट नव्हे’ म्हणून मनाचे डॉक्टर शरीराकडे आणि शरीराचे डॉक्टर मनाकडे बोट दाखवत राहतात.

यावर आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. केंद्रांत डॉक्टर टिकत नाहीत, बाळंतपणे, लसीकरण, साथी, सर्पदंश यांतच माणसे पिचलेली आहेत. त्यांच्या डोक्यावर आणखी एक टोपली कशाला? आशाताईला तर प्रत्येक खाते आपलीच कर्मचारी समजते. काही तज्ज्ञ मित्रांचे म्हणणे असे, की मनोविकाराचे निदान सोपे नाही, ते साध्या डॉक्टरांवर सोपवणे धोक्याचे. निदानाबाबत मी त्यांच्याशी सहमत आहे. पहिले निदान, पहिले औषध, क्लोझापिनसारखी सतत रक्ततपासणी लागणारी औषधे आणि दर सहा महिन्यांनी फेरतपासणी जिल्ह्याच्या पथकाकडेच राहावी. मधले पाच महिने गोळ्या देणे, वजन करणे आणि ‘झोप येते का, जेवतो का, कामाला जातो का’ हे विचारणे, याला तज्ज्ञ लागत नाही. टोपली वाढवायची तर मोबदलाही वाढवला पाहिजे, यातही दुमत नाही. तीन घरांना महिन्यातून एकदा जाण्याचा आशाताईला वेगळा मोबदला, आणि प्रत्येक तालुक्याला या कामासाठी एक कायम परिचारिका, एवढे तरी हवे. फुकटच्या अपेक्षेवर टाकलेले काम फुकटच जाते.

गावपातळीचा माणूस किती उपयोगी पडतो याची पाहणी आपल्या शेजारीच झाली आहे. सातारा जिल्हा, गोवा आणि तामिळनाडू अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. काहींना फक्त दवाखान्यातले उपचार, काहींना दवाखाना आणि त्याच्या जोडीला घरी येणारा प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ता. वर्षाअखेरीस दुसऱ्या गटाची लक्षणे आणि अडचणी थोड्या अधिक कमी झालेल्या दिसल्या, आणि सर्वांत चांगला परिणाम तामिळनाडूच्या ग्रामीण भागात, म्हणजे जिथे मुळात सोयी कमी तिथे. सुधारणा माफक होती, चमत्कार नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. या आजारात माफक सुधारणा म्हणजे माणूस घरात पडून राहण्याऐवजी शेतावर जाऊ लागणे. ज्या घरात हे घडते त्या घराला विचारा ते माफक आहे का.

मुंबई-दिल्लीचा निर्णय होईल तेव्हा होईल. पण काही पैसा आपल्या हाताशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्चायचे आहेत. दिव्यांग म्हटले की काठी, तीनचाकी सायकल, कानाचे यंत्र एवढेच सरपंचांच्या डोळ्यांपुढे येते. मनाचा आजार असलेल्याचे नाव त्या यादीत बहुधा नसते. ते ग्रामसभेत मागून घालून घ्यावे. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाचा दिव्यांगत्वाचा दाखला लागेल. चाळीस टक्के किंवा अधिक असेल तर संजय गांधी निराधार योजना आणि एसटीची सवलत यांसाठीही तोच उपयोगी पडतो. प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते. तिच्याकडे थोडा निधी असतो आणि गरजेची औषधे स्थानिक पातळीवर घेण्याची मुभा असते. त्या समितीवर गावची माणसे असतात, त्यांना गाठावे. पत्र लिहिणाऱ्या बाईंना मी कळवले आहे, की डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडून केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, ‘या गोळ्या दरमहा इथे मागवाव्यात’ म्हणून, आणि त्याची पोच घ्या. एका केंद्रातून असे दहा अर्ज गेले तर ‘आमच्याकडे असे पेशंट नाहीत’ हे वाक्य अहवालात लिहिता येणार नाही.

तोवर एक करावे. हातातल्या गोळ्या संपायला दहा दिवस उरले असतानाच पुढची सोय पाहावी, आणि बरे वाटते म्हणून किंवा साठा नाही म्हणून गोळी एकदम बंद करू नये. रुग्ण दोन-तीन रात्री झोपला नाही, एकटाच पुटपुटू लागला किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जवळचा दवाखाना गाठावा. रात्री-अपरात्री काय करावे सुचत नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक लावावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.